कोंबडीचं हसू

कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये, पण मागच्या मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला, सिंगापुरातल्या सेंगकांगच्या बिनड्रायव्हरच्या एलआरटी गाडीत, जगदीशरावांची वारलेली बायको मोठ्यांदा हसली. वारलेली होती हे एक. आणि वारण्याआधी सोळा वर्षं तिच्या गळ्यात आवाजच नव्हता, डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून तिथे श्वासापुरतं एक भोक ठेवलं होतं, हे दुसरं. असल्या बाईने विक्रोळीहून निघून, पासपोर्ट नाही की तिथे राहायचा पास नाही, समुद्र ओलांडून एलआरटीत येऊन हसावं, ही गोष्ट दुसऱ्या कोणी सांगितली असती तर खुद्द जगदीशरावांनीच त्याला 'जरा कमी कर' म्हणून बजावलं असतं. आणि थापांच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. पण झालं ते असं. दहा वाजून गेले, ऑफिसची माणसं ओसरली, की जगदीशराव स्टेशनात येऊन त्या छोट्या गाडीत बसायचे. ती गाडी इमारतींच्या कडेकडेने उंचावरून गोल फिरते आणि जिथून सुटली तिथेच परत येते. शहात्तर वर्षांच्या विधुराला एवढाच प्रवास झेपतो. समोर एक दिल्लीकडची बाई, मांडीवर तीनेक वर्षांचं पोर, पोराच्या हातात फोन, फोनवर कोल्ह्या-कोंबडीचं कार्टून. "अरी ओ मुर्गी रानी," फोनमधून कोणीतरी लाडीगोडीने म्हणालं, "किवाड़ तो खोल, मैं कोई पराया हूँ?" आवाज ओळखीचा वाटला, कुठल्याशा लग्नात भेटलेल्या माणसाचा चेहरा आठवावा आणि नाव आठवू नये, तसा. मग कळलं की तो कोल्हा म्हणजे आपणच. पस्तीस वर्षांपूर्वीचे, सगळे दात शाबूत असलेले, तोंडात खडीसाखर धरून बोलणारे आपण. आणि हे उमगतंय तोवर कोल्ह्याला कोंबडीने उत्तर दिलं. उत्तर म्हणजे हसलीच. आधी उचकीसारखा एक अडखळा, मग जिना चढल्यासारखं वर, वर, आणखी वर, आणि शेवटी श्वास संपून नुसती हवा. कमल. जगदीशरावांनी समोरचा खांब घट्ट धरला. म्हातारा टक लावून बघतोय हे पाहून ती बाई ओशाळली. "सॉरी अंकल, आवाज़ कम करती हूँ." "नहीं नहीं, बेटा, बजने दो," जगदीशराव म्हणाले, "वो मेरी मिसेस है." बाईने पोराला पोटाशी ओढलं आणि पुढच्या स्टेशनावर ती उतरून गेली. तिचं स्टेशन ते नसावं.

हसू कमलचं नाही, हे कळायला त्यांना तेवढं एक स्टेशनसुद्धा लागलं नाही. त्यांना कळणार नाही तर कोणाला? बाहेरच्या देशाचं कार्टून डबिंगला येतं तेव्हा त्याच्याबरोबर आवाजाची एक वेगळी पट्टी येते. तिच्यात बोलणं तेवढं नसतं, बाकी सगळं असतं: बाजा, दार आपटणं, ताटं फुटणं, पावलं, आणि जुन्या कार्टूनांत तर खोकला, शिंक, उचकी, किंकाळी आणि हसूसुद्धा. या गोष्टींना भाषा लागत नाही, म्हणून त्या तिकडच्याच ठेवून द्यायच्या आणि इकडच्या कलाकाराने मधल्या फटींत फक्त शब्द भरायचे. अंधेरीच्या त्या स्टुडिओत, भिंतींना पोती ठोकलेल्या खोलीत, कानाला हेडफोन लावून उभं राहिलं की काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट बोट वर करायचा. बोट वर म्हणजे हसू येतंय, गप्प. बोट खाली म्हणजे हसू संपलं, बोल. दिवसा छापखान्यात कारकुनी आणि संध्याकाळी हे, असं बावीस वर्षं जगदीशराव दुसऱ्यांच्या हसण्यात गप्प राहायला शिकले होते. ती कोंबडी हसली ती अमेरिकेतल्या कुठल्याशा माणसाच्या गळ्यातून. बाई होती की पुरुष हेसुद्धा ठाऊक नाही, कारण सुरुवातीच्या नावांच्या पाटीवर नाव नव्हतं. तसं ते जगदीशरावांचंही कुठल्याच पाटीवर नव्हतं. पण मधले ते काही क्षण! कोल्हा बोलतो आणि आता ती उत्तर देणार म्हणून कान पुढे होतात, पन्नास वर्षांच्या संसाराच्या सवयीने होतात, आणि ती देते. ते क्षण खोटे होते असं म्हणायला ते अजूनही तयार नव्हते. त्या सकाळी त्यांनी आणखी तीन फेऱ्या मारल्या. पुढचं स्टेशन सांगणारी रेकॉर्ड केलेली बाई दर दोन मिनिटांनी बोलत होती, आणि तिचं कोणीतरी असेल, नवरा, मुलगा, जो मुद्दाम या गाडीत येऊन बसत असेल, असं त्यांच्या मनात आलं आणि मग जाईना.

घरात, म्हणजे मुलाच्या, सुगतच्या, बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, जगदीशरावांचं स्थान काय म्हणाल तर गोष्टी सांगणाऱ्याचं. नात अवनी, वय वर्षं अकरा, शाळेतून आली की मोज्यांसकट सोफ्यावर पाय घ्यायची आणि म्हणायची, "आजोबा, हॉलीवूड." की आजोबा सुरू. हॉलीवूडचा आणि त्यांचा संबंध पडद्यावरच्या ओठांपुरता, पण विक्रोळीच्या कन्नमवारनगरातला हा माणूस तिथल्या स्टुडिओत पाळण्यात वाढल्यासारखा बोलायचा. जुन्या काळ्यापांढऱ्या पिक्चरमध्ये घोडे दौडतात ना, ते घोडे नव्हेत, नारळाच्या दोन करवंट्या. हे खरंच होतं. हाड मोडल्याचा आवाज म्हणजे माईकसमोर भाजीची ताजी काडी मोडायची. हेही खरं. मग खऱ्याच्या खांद्यावर बसून खोटं हळूच आत यायचं. एक नायिका इतकी रडायची की तिचे अश्रू बाटलीत भरून शेजारच्या पिक्चरला उसने देत. एका सिंहाचा ऐन शूटिंगच्या दिवशी घसा बसला, तेव्हा कँटीनच्या आचाऱ्याला तांब्यात तोंड घालून डरकाळी फोडायला लावली, आणि तो आचारी मूळचा खेडचा. "खेड व्हेअर?" "रत्नागिरी जिल्हा." "रियली?" "मग! त्याचा भाचा माझ्या ओळखीचा." "आजोबा, यू ॲनीहाऊ ब्लफ, लाह," अवनी म्हणायची, म्हणजे वाट्टेल त्या थापा मारता, पण उठायची नाही. आतून दीप्ती, सूनबाई, लॅपटॉपवरची मीटिंग म्यूट करून ओरडायची, "बाबा, वर्गात हे खरं म्हणून सांगते ती! मागच्या वेळी टीचरचा मेल आलाय मला." "मग टीचरला म्हणावं, खोटं असेल तर सिद्ध कर." आणि अवनी हसायची. तिचं हसू दीप्तीवर गेलेलं, आखूड, नाकातलं. जगदीशराव ते ऐकत आणि त्यात काही सापडतं का म्हणून बघत. काही सापडत नसे.

त्याच आठवड्यात तिने विचारलं. शाळेचा काही प्रकल्प वगैरे नव्हता, उगाच, केस विंचरताना विचारलं. "आजोबा, आजीचा व्हॉइस कसा होता?" अवनी जन्मली तेव्हा आजीचा आवाज जाऊन सहा वर्षं झाली होती. व्हिडिओ कॉलवर आजी यायची ती गळ्याला पांढरा रुमाल बांधून, हातात पोरांची खेळण्यातली पुसायची पाटी घेऊन. पाटीवर लिहायची, 'जेवलीस का?' अवनीला मराठी अक्षरं पटकन लागत नसत, म्हणून दीप्ती वाचून दाखवायची. त्यामुळे अवनीच्या लेखी आजीचा आवाज म्हणजे मम्मीचाच आवाज. "सांगा ना. लाइक हाय? लो?" जगदीशराव म्हणाले, "थांब, काढून दाखवतो." त्यांनी आयुष्यात म्हातारे काढले होते, चेटकिणी काढल्या होत्या, अडीचशे भागांचा एक पोपट काढला होता, एकदा तर एकट्याने दंगल काढली होती, दगड मारणारे आणि पळणारे दोन्हीकडचे. त्यांनी घसा खाकरला, डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि काही आलं नाही. पुन्हा प्रयत्न केला. "अहो, ऐकलं का," असं म्हणायचं होतं. जे बाहेर पडलं ते कुठल्याही मालिकेतल्या कुठल्याही बाईचं होतं. अवनी विनयाने थांबली होती. चौतीस वर्षं ज्या आवाजात भाजी काय करू इथपासून तुम्ही माणूस आहात का इथपर्यंत सगळं ऐकलं, तो आवाज कुठे ठेवला होता? उंच होता का? घोगरा? 'जगदीश' म्हणताना, एकांतात म्हणायची ती कधी कधी, शेवटचा श ओढायची का तोडायची? काहीच हाताला लागेना. ऑपरेशननंतरची कमल लख्ख आठवत होती. हसू आलं की खांदे हलायचे, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि रुमालाखालून फसफस हवा. हसणं सगळं तिथे होतं, फक्त आवाज कोणीतरी बंद केला होता. त्याच्या आधीची कमल मात्र मुकीच दिसत होती. ओठ हलत होते, आणि रेकॉर्डिस्टचं बोट वर होतं.

आणि आवाज होता हो, त्यांच्या घरात होता, पंचेचाळीस मिनिटं, एका कॅसेटवर. सुगत इंजिनिअरिंगला नागपूरला हॉस्टेलवर राहिला तेव्हा कमल त्याला पत्रं लिहीत नसे. चौथीपर्यंत शिकलेली, लिहायचं म्हटलं की तिची मान दुखायची. ती कॅसेटवर बोलायची. नवऱ्याचाच टेपरेकॉर्डर, स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून, भाकरी थापता थापता बोलायची: शेजारच्या मावशींचा नवरा पुन्हा प्यायला, विहारात यंदा वर्गणी कोणी दिली नाही, तू तेल लावतोस का डोक्याला, तुझे बाबा आज दिवसभर बेडूक झालेत. पोरगा ते ऐकून दुसऱ्या बाजूला आपलं उत्तर भरून कॅसेट परत पाठवायचा. अशा कॅसेटी चार वर्षं गेल्या-आल्या. सुगतने सिंगापूरला येताना त्यातली एक निवडून आईच्या कपाटात ठेवली, वर स्केचपेनने लिहिलं 'आई', म्हणाला पुढच्या खेपेला नेईन. आणि दोन महिन्यांनी जगदीशरावांना एका कावळ्याचं बोलावणं आलं. मोठं काम, फॉरेनचा कावळा, दुसऱ्या दिवशी ऑडिशन. सराव भरून ऐकायला घरात कोरी कॅसेट नाही. 'आई' त्यांना दिसलं नाही असं नव्हे. दिसलं. त्यांनी स्वयंपाकघरात कान दिला, ती आत कोणाशी तरी बोलतच होती, तिचं बोलणं कधी संपायचंच नाही. म्हणाले, बाई आत चालूच आहे, तिला आणखी टेपवर कशाला ठेवायची. आणि दाबलं बटण. कावळा काही मिळाला नाही. दीड वर्षाने कमलच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनच्या वेळी सुगत सुट्टी काढून आला, आणि ती आयसीयूत असताना त्याने घरी येऊन ती कॅसेट लावली. पंचेचाळीस मिनिटं कावळा. मधे एकदा, कावळा श्वास घ्यायला थांबला तेव्हा, लांबून भांडं पडल्याचा आवाज आणि 'अगं बाई' यातला 'अगं'. तेवढाच. सुगत ओरडला नाही, भांडला नाही. त्याने शेवटपर्यंत ऐकलं, कॅसेट डबीत घातली, आणि त्या दिवसापासून बापाला 'बाबा' म्हणायचं सोडलं. हो, नाही, जेवण झालं का, औषध घेतलं का, बिननावाची वाक्यं. आई गेल्यावर तोच मुंबईला आला, तोच बापाला इकडे घेऊन आला, पासचे कागद त्यानेच रंगवले, सकाळी बाथरूममध्ये गरम पाणी सोडून ठेवायचा. कर्तव्यात रेघभर कमी नाही. पण सतरा वर्षं 'बाबा' नाही.

तर त्या दुपारी, अवनी कंगवा हातात धरून बघत असताना, जगदीशराव म्हणाले, "मला नाही येत आजीचा आवाज. पण तिचं हसू आहे. रेकॉर्डेड." आणि त्यांनी तिच्या टॅबवर ते हिंदी कार्टून शोधायला लावलं. ही गोष्ट त्यांनी सजवली नाही. हीच एक सजवली नाही, म्हणूनच ती पटली. ना आचारी, ना खेड, ना अश्रूंची बाटली. एवढंच सांगितलं की तिकडून आलेल्या पट्टीत कोंबडीचं हसू खराब झालं होतं, इकडे कोणाला ते जमेना, आजी त्या दिवशी डबा घेऊन आली होती, मी आत कोल्हा करत होतो, तिला माझं तोंड बघून हसू आवरलं नाही, आणि रेकॉर्डिस्ट म्हणाला, हेच घ्या. अवनीने तीन वेळा ऐकलं. एकदाही 'ब्लफ' म्हणाली नाही. "दॅट्स आजी?" हळू आवाजात म्हणाली. "शी साउंड्स सो हॅपी." जगदीशराव खिडकीशी गेले. समोरच्या इमारतीत कोणीतरी बांबूवर कपडे वाळत घालत होतं. त्यांना वाटलं, आत्ता फिरावं आणि म्हणावं, फसवलं! ती हसेल, आणि संपेल. पण ती कार्टून पुन्हा सुरू करत होती, आणि कोल्हा पुन्हा म्हणाला, मैं कोई पराया हूँ, आणि तिने पुन्हा उत्तर दिलं.

संध्याकाळी सुगत आला तो अर्धा आत, एक बूट पायात. अवनीने दारातच टॅब त्याच्या तोंडासमोर धरला. त्याने ऐकलं. पाठीवरची बॅग तशीच, चपलांच्या कपाटावर बसला, म्हणाला, "परत लाव." सहा वेळा लावायला लावलं. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात तीस माणसांची टीम चालवणारा, खालचा ओठ आत ओढून बसला होता, हॉस्टेलला जाताना गाडीत बसला होता तसा. मग मान वर करून म्हणाला, "बाबा, हे आधी का नाही सांगितलंत?" सतरा वर्षांनी बाबा. जगदीशरावांच्या कानात तो शब्द शिरला आणि तिथेच बसला, आणि जे बोलायचं होतं त्याला वाट राहिली नाही. "आठवलंच नाही रे," ते म्हणाले. "गाडीत ऐकलं तेव्हा आठवलं."

पुढचे दोन महिने त्या घराने जगदीशरावांना इतकं सुख दिलं की त्यांना जेवण जाईना. सुगत रविवारी त्यांना खालच्या कॉफीशॉपमध्ये न्यायला लागला. स्वतः रांगेत उभा राहून दोन कोपी, म्हणजे तिथली कॉफी, आणायचा, टोस्टवरचं लोणी बापाच्या तुकड्यावर जास्त येईल असं बघायचा. "बाबा, रेकॉर्डिस्टचं नाव काय हो?" "डिसोझा." "डबा कसला होता?" "मेथी." "म्हणजे थंडीचे दिवस." "असतील." "मी पण होतो बाबा त्या दिवशी. मला आठवतंय. आईने मला बाहेर बाकड्यावर बसवलेलं, माझ्या हातात पाण्याची बाटली होती. लाल." असा दिवसच नव्हता. कमल स्टुडिओत कधी आली नाही, एकदाही नाही. ते यायला सांगत नव्हते आणि ती विचारत नव्हती. पण पोराच्या हातात लाल बाटली होती, तिच्यातलं पाणीसुद्धा त्याला दिसत असणार. आपण पेरलं ते इतक्या लवकर उगवलं? थाप मारणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते, की खरं कुठे आहे ते आपल्या एकट्याला माहीत आहे, तिजोरी आपल्याकडे आहे, चावी आपल्याकडे आहे. त्या रविवारी कोपीचा कप खाली ठेवताना जगदीशरावांनी तिजोरी उघडून पाहिली. मनात म्हणाले, असू दे, मला तर तिचं खरं हसू आठवतं. आणि आठवायला गेले तर आधी उचकीसारखा अडखळा, मग जिना, मग हवा. कोंबडी. दुसरं काही नाही. त्यांनी कमलला लग्नात हसवून पाहिलं, सुगतच्या बारशाला, गच्चीवर पापड वाळवताना, एकदा ते स्टुलावरून पडले होते आणि ती पोट धरून हसली होती तेव्हा. सगळीकडे तिचं तोंड उघडायचं आणि आतून ती अमेरिकन कोंबडी हसायची. आधी मुकी तरी होती. मुकी होती तेव्हा ती जागा तिची होती, रिकामी पण तिची. आता तिथेही भरून टाकलं. एकदा कावळा, एकदा कोंबडी. एका बाईला एकाच नवऱ्याने दोनदा पुसलं, आणि दुसऱ्यांदा तर प्रेमाने. "बाबा, कोपी गार होतेय," सुगत म्हणाला.

सांगायचा प्रयत्न त्यांनी केला नाही असं नाही. मेच्या शेवटी दोघं पाण्याच्या काठच्या रस्त्याने चालत होते. सुगत म्हणाला, "जूनमध्ये आईचं वर्षाचं पुण्यानुमोदन घरीच करू. प्रबोध येईल वंदनेला, स्मितावहिनी येतील, बाकी आपण." जगदीशराव म्हणाले, "सुगत, ते हसू आहे ना." "तेच म्हणतोय. वंदना झाली की ते लावू. सगळ्यांना ऐकू दे आईला." "नाही, मी काय म्हणतो, त्याचं असं आहे की..." सुगत थांबला. त्याने बापाच्या दंडाला धरलं. त्या मुलाने त्यांना धरलं होतं ते शेवटचं कधी, तर पहिल्यांदा सायकल शिकताना. "बाबा, त्या कॅसेटचं मी मनात धरून बसलो. मला एवढे दिवस वाटत होतं तुम्ही तिला... जाऊ दे. तुमच्याचमुळे ती राहिली शेवटी." पाण्यावर एक काळा पक्षी पंख पसरून वाळवत बसला होता. जगदीशरावांनी तोंड उघडलं. एवढे आवाज जवळ असलेला माणूस, त्यातला कुठला वापरायचा ते ठरेना. "स्पीकर जरा बरा आण," ते म्हणाले.

तो रविवार. सकाळचे अकरा. पांढरं कापड घातलेल्या टेबलावर बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि मधे कमल, लिटिल इंडियातल्या दुकानात मोठी करून आणलेली, खाली छापलेलं १९५५ ते २०२४. मेणबत्त्या एसीच्या झोतात वाकत होत्या. प्रबोध, सुगतचा मित्र, प्रयोगशाळेत पेशी मोजणारा पण गळा धम्माचा, त्याने त्रिशरण-पंचशील म्हटलं. मागून सगळ्यांनी म्हटलं. चौथं शील आलं, खोटं बोलण्यापासून अलिप्त राहण्याचं, तेव्हा जगदीशरावांनीही म्हटलं, स्पष्ट उच्चारात, बावीस वर्षांचा माईकसमोरचा माणूस. मग सुगत उभा राहिला. "आईचा आवाज आमच्या घरातल्या कोणाकडेच नव्हता," तो म्हणाला. "बाबांनी तो शोधून दिला." प्रबोधच्या बायकोने, स्मिताने, पदर डोळ्यांना लावला. जगदीशराव बायकोच्या फोटोकडे बघत होते. तिचं तोंड मिटलेलं होतं. फोटो काढताना ती नेहमी मिटायची, पुढचा दात वाकडा म्हणून. नको लावू, ते मनात म्हणाले. कोणाला म्हणाले ते त्यांनाही कळलं नाही.

अवनी टॅब घेऊन पुढे आली, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. हिंदी कोल्हा बोलला, कोंबडी हसली, खोलीभर हसली, चांगल्या स्पीकरमधून मेणबत्त्या हलतील अशी हसली. सुगतचे डोळे मिटलेले. "वेट, वेट, सरप्राइज आहे," अवनी म्हणाली. "पप्पा म्हणाले साउंड खराब आहे, सो आय वेंट टू फाइंड. सगळीकडे आजी आहे! लुक." आणि तिने लावलं: चिनी बोलणारा कोल्हा, आणि कमल हसली. मलय बोलणारा कोल्हा, आणि कमल हसली. तोच अडखळा, तोच जिना, तीच हवा. "आजी वर्ल्डवाइड फेमस, लाह!" स्मिता हसली, मग नवऱ्याचा चेहरा बघून थांबली. प्रबोधने मान खाली घातली. दीप्ती अवनीच्या दिशेने एक पाऊल टाकून उभी राहिली. सुगतने डोळे उघडले होते. तो बापाकडे बघत होता, रागाने नव्हे. परीक्षेचा निकाल दुसऱ्याने वाचावा म्हणून पोरं बघतात तसा. त्याला अजून मिळालं तर हवं होतं, कुठलंही, कसलंही. जगदीशरावांनी ते पाहिलं. आणि घशातून आपोआप, विचाराच्या आधी, तो जुना आवाज निघाला, खडीसाखरेचा. "त्याचं असं झालं," ते म्हणाले, "आपली पट्टी परत गेली ना अमेरिकेला, तर तिथल्या साहेबाला हे हसू इतकं आवडलं, इतकं आवडलं, की म्हणाला, जुनं काढून टाका, जगभर सगळ्या भाषांत हिचंच लावा. चिनी, जपानी, सगळ्यांत. पत्र आलं होतं तसं. मीच ठेवलं नाही." "अगं बाई," स्मिता म्हणाली. सुगतचे खांदे थोडे खाली आले. एक श्वासभर ती थाप त्या खोलीत उभी राहिली, सगळ्यांनी मिळून तिला धरून ठेवलं होतं, आणि जगदीशरावांना वाटलं, राहील.

अवनीच्या कपाळाला आठी पडली होती. तिने टॅबवर बोट खाली ओढलं, काहीतरी वाचलं, आणि आणखी एक लावलं. चित्र रेघारेघांचं, धुरकट. कोल्हा इंग्रजी बोलला, घोगऱ्या, परक्या, कधीच्या मेलेल्या आवाजात. आणि कोंबडी हसली, तशीच. अवनीने टेबलावरच्या फोटोकडे पाहिलं, खालचे आकडे वाचले, मग आजोबांकडे वळली.

"बट आजोबा, ही थिएटरची ओरिजिनल रील आहे, नाइन्टीन फिफ्टी-वनची," ती म्हणाली. "तेव्हा तर आजी जन्मलीच नव्हती."